किनरा आवाज

३ फेब्रुवारी

चि. टिटवी,

आशीर्वाद. फुकट मिळतो म्हणून बाजूला ठेवून देऊ नकोस.

अक्षर बघून दचकली असशील. इतकं वळणदार अक्षर आपल्या घराण्यात कुणाचंच नाही. हे शेजारच्या मास्तरीणबाईंचं. जन्मभर पोरांचं शुद्धलेखन तपासलं, आता निवृत्त झाल्यावर माझं बोलणं तपासतात. मी 'मेला' म्हटलं की त्या 'बिचारा' लिहितात. तेव्हा पत्रात जिथे जिथे बिचारा दिसेल तिथे काय ते समजून घे. (असे काहीही केलेले नाही. — लेखनिका.)

मला अक्षराची ओळख नाही हे तुला ठाऊकच आहे. इतकी वर्षं माझी पत्रं तुझे आजोबा लिहायचे. मी बोलायची, ते लिहायचे, मध्येच स्वतःची अक्कल घालायचे. हल्ली दोन ओळी झाल्या की पेन आपटतात. "तोंडातल्या तोंडात काय पुटपुटतेस? नीट बोल!" आता या वयात नीट बोलायला मी कुठल्या शाळेत जाऊ? लग्न ठरलं तेव्हा हेच म्हणाले होते, "मुलीचा आवाज किनरा आहे, पण स्टेशन नीट लागलेल्या रेडिओसारखा स्वच्छ आहे." त्या एका स्तुतीवर मी फसले.

आता मुद्दा. परवा तू फोन केलास. फोन पुढच्या दुरुस्तीच्या दुकानात, यांच्या कामाच्या टेबलावर, म्हणजे उचलणार हेच. "बरं, बरं. बरं," म्हणाले आणि ठेवून दिला. मी धावत येईपर्यंत खेळ खलास. "काय म्हणाली पोर?" तर म्हणे, "मजेत आहे." एवढंच? नुसतं मजेत आहे सांगायला कुणी फोन करतं होय? तू काहीतरी विचारत होतीस असं मला वाटलं. काय ते मला पत्रातून कळव. फोनवरचं बोलणं वाऱ्यावर जातं, पत्र कसं, दोनदा वाचून घेता येतं.

यांनी तुझ्या गिटारसाठी बनवलेला हिरवा पेटारा बरा आहे ना? त्यावरचं कापड मी निवडलेलं, विसरू नकोस.

तुझी,
आजी

११ फेब्रुवारी

लाडक्या आजी,

नमस्कार, आणि मास्तरीणबाईंनाही, कारण हे त्याच वाचून दाखवत असणार.

तू बरोबर ओळखलंस. मी विचारत होते, आणि ते पेटाऱ्याबद्दलच होतं.

इथे आमचा चौघांचा ताफा आहे हे तुला माहीत आहे: मी गिटारवर, एक गायिका, एक ड्रमवाला आणि जाड तारांची गिटार वाजवणारा लंबू. एप्रिलमध्ये आमचं पहिलं रेकॉर्डिंग आहे. आजवर आम्ही लोकांच्या गप्पांच्या मागे वाजवलं, आता पहिल्यांदा नुसतं आम्हालाच कुणी ऐकणार. आणि नेमकं आता सगळ्यांचं म्हणणं पडलंय की हा हिरवा पेटारा, म्हणजे माझा अ‍ॅम्प नको.

आजोबांनी बनवून दिला तेव्हा त्याचा आवाज कसा होता आठवतं? आतले काचेचे व्हॉल्व्ह दिव्यांसारखे तापून नारिंगी झाले की सूर कसा मऊ, भरलेला यायचा. आता त्याच पेटाऱ्यातून सुऱ्या निघतात. ड्रमवाला म्हणतो, "तू वरची तार छेडलीस की माझे दात शिवशिवतात." गायिका तर सरळच म्हणाली, "एकतर हा आवाज बदल, नाहीतर कुणाचा तरी दुसरा अ‍ॅम्प आण."

दुसरा आणायला माझं मन घेत नाही. म्हणून फोनवर आजोबांना विचारलं, "मी तो उघडून आवाज जरा मऊ करू का? तुम्हाला चालेल?" ते "बरं, बरं" म्हणाले, तेही असं की दार लावून घेतल्यासारखं. आणि खटकन फोन ठेवला.

रागावलेत ना? रागावणारच. दर सुट्टीत तो मी त्यांच्याकडे नीट करायला आणते, ते जीव ओतून तपासतात, आणि मी म्हणतेय तुमचा आवाज मला आवडत नाही. आजी, तू जरा अंदाज घे. ते नको म्हणाले तर मी स्क्रूलाही हात लावणार नाही. मग रेकॉर्डिंगचं काय करायचं ते बघेन.

तुझी,
टिटवी

२० फेब्रुवारी

चि. टिटवी,

रागावलेत म्हणतेस? मग रांगेत उभी राहा. माझा नंबर तुझ्या आधीचा आहे. माझ्यावर हा माणूस गेली दोन वर्षं रागावलाय आणि कशावरून ते मला अजून कळलेलं नाही.

स्वयंपाकघरातून "चहा झालाय" म्हणून हाका मारते. उत्तर नाही. चहा निवून त्यावर साय धरली की येतात आणि म्हणतात, "बोलवायचं तरी!" कुकर शिट्ट्या मारमारून दमतो, हे टेबलाशी बसून व्हॉल्व्ह पुसत असतात. मी ओरडले की म्हणतात, "शिट्टी झालीच नाही." म्हणजे कुकरही माझ्या कटात सामील! आणि या मास्तरीणबाई (लिहा हो, लिहा, लाजता कशाला) कुंपणापलीकडून नुसतं "काय कारागीर, आहात का?" म्हणाल्या की आतून हसून उत्तर: "आहे की, या!" या बाईंचा आवाज रिकाम्या टाकीत बोलल्यासारखा घुमतो, ते आवडत असेल. (माझा आवाज वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत जात असे, एवढेच. — लेखनिका.)

मी पण ठरवलं, नाही तर नाही. मीही बोलणं कमी केलं. आता घरात आम्ही दोघं म्हणजे एकाच दुकानातली दोन बंद घड्याळं.

तुझ्या पेटाऱ्याविषयी विचारणार होते, पण धीर होईना. धंदा मंदावलाय, त्यामुळे आधीच चेहरा उतरलेला असतो. तो बँडवाला, दरवर्षी सगळी यंत्रं इथेच आणायचा, तो एकदा नेऊन गेला तो गेलाच. सभागृहवालेही येत नाहीत. हे म्हणतात, "लोकांचे कान बिघडलेत."

तेव्हा यांना विचारू नकोस. परवानगी मी देते. कापड माझं, म्हणजे अर्धा पेटारा माझाच. उघड तू. पण यांचं तुला लहानपणापासून घोकवलेलं विसरू नकोस. आधी पिन काढायची, मग कंडेन्सरमधला साठलेला करंट उतरवायचा, आणि आत हात घालताना एक हात खिशात. दोन्ही हात आत गेले तर करंट या हातातून त्या हातात जातो आणि वाटेत काळीज लागतं. यांच्या एकूण एक सदऱ्यांना मी डावीकडे खोल खिसा शिवलाय तो उगाच नाही. मुलींच्या कपड्यांना खिसे नसतात म्हणून तुझ्याही कपड्यांना शिवून दिलेत. त्यात रुमाल कोंबू नकोस, हात घाल.

तुझी अर्ध्या पेटाऱ्याची मालकीण,
आजी

२ मार्च

लाडक्या आजी,

आधी खुर्ची घेऊन बस. मास्तरीणबाई, हे पत्र कृपा करून हळू वाचा.

रविवारी मी पेटारा उघडला. एक हात खिशात होता, शपथ.

तुला समजेल असं सांगते. आवाज लहानमोठा करायचं जे बटण असतं, त्याच्या पाठीशी एक चिमुकला कंडेन्सर लावतात. सगळे सूर पुढच्या दाराने रांगेत जातात, पण जे बारीक, उंच सूर असतात त्यांना हा मागच्या दाराने आत सोडतो. कंडेन्सर जितका मोठा, तितके किनरे सूर जास्त. आजोबांनी पहिल्यांदा लावलेला मला आठवतो, कारण तो जोडायला कथलाचा डाग मीच दिला होता, त्यांनी माझं मनगट धरून.

तो अजून तिथेच आहे. माझा वेडावाकडा डाग काळवंडून गेलाय. पण त्याच्या पाठीवर दुसरा कंडेन्सर आहे. त्याच्यावर आणखी एक. त्याच्यावर आणखी. प्रत्येकाचा डाग आधीच्यापेक्षा चकचकीत, आणि सगळ्यात वरचा तर गेल्या सुट्टीतला, अगदी नवा. म्हणजे दर खेपेला त्यांनी माझा अ‍ॅम्प ऐकला, त्यांना तो बसका वाटला, आणि त्यांनी आणखी एक दार उघडलं.

मी आधी चिडले. म्हटलं, हे काय, एवढा मोठा कारागीर आणि असला गबाळेपणा? मग डाग बघत राहिले. आजी, डाग एकूण एक सुंदर आहेत. मण्यांसारखे गोल. हे गबाळ्या माणसाचं काम नाही. त्यांना दर वेळी तोच जुना आवाज परत आणायचा होता. त्यांच्या कानांत तो परत येतही होता. जेवढं कानांतून कमी झालं, तेवढंच त्यांनी वर चढवलं.

तुझं पत्र पुन्हा काढून वाचलं. कुकरची शिट्टी. तुझ्या हाका. फोन. आणि मास्तरीणबाईंचा आवाज मात्र नीट पोचतो. आजी, ते रुसलेले नाहीत. उंच, बारीक आवाज त्यांच्यापर्यंत येतच नाहीत. आपल्या घरात सगळ्यात किनरा आवाज कुणाचा?

एकदा खात्री करून बघशील? ते पाठमोरे असताना किल्ल्या वाजव, मग काहीतरी जड आपट. बँडवाला का येत नाही तेही मला आता कळतंय. पण हे त्यांना कुणी सांगायचं आणि कसं, ते मला सुचत नाही. ज्या माणसाची सगळी कमाई कानांवर, त्याला हे कोण सांगणार?

टिटवी

१० मार्च

चि. टिटवी,

केली खात्री.

हे पाठमोरे बसले होते. मी किल्ल्यांचा जुडगा खुळखुळवला. कपाळावर आठीसुद्धा नाही. वाटीवर चमचा वाजवला. नाही. मग वरवंटा खाली ठेवला, जरा जोरातच, तर दचकून वळले: "काय पाडलंस?" म्हटलं, "काही नाही, हात सुटला." पुन्हा वळले. मग मी त्यांच्या पाठीशी हातभर अंतरावर उभी राहून स्पष्ट म्हटलं, "फसले गं बाई मी या माणसाशी लग्न करून." काही नाही! शांतपणे व्हॉल्व्ह पुसतायत. एवढं सुख मला आयुष्यात कधी मिळालं नव्हतं, पण खरं सांगते, पुन्हा म्हणावंसं वाटलं नाही.

मग एक गंमत केली. गळा खाली नेला, पार तळघरात, आणि या मास्तरीणबाईंची नक्कल करत म्हटलं, "काय कारागीर, चहा घेणार का?"

"घेऊ की!" म्हणत हसत वळले. आणि दारात मी! असे बघत राहिले जसं काही चुकीच्या गाडीतून चुकीच्या गावाला उतरले. म्हणाले, "तुझ्या आवाजाला काय झालं? घसा बसलाय?" म्हटलं, हो. तर म्हणतात, "बसू दे. आज पहिल्यांदा तू स्पष्ट बोललीस."

आता मी दिवसभर म्हशीसारखं बोलते. घसा दुखतो, पण चहा गरम असताना प्यायला जातो. काल तर दोघं बसून चांगल्या तासभर गप्पा मारल्या. कशाच्या? शेजारच्यांच्या. (हे मला आत्ताच कळत आहे. — लेखनिका.)

दोन वर्षं मी एका माणसावर रुसले होते, ज्याला मी रुसलेय हेसुद्धा ऐकू गेलं नव्हतं. रुसवासुद्धा फुकट गेला बघ.

सांगायचं कसं ते मलाही सुचत नाही. वीज, तारा, करंट हे तुम्हा दोघांचं बोलणं, त्यातूनच काहीतरी निघेल. पेटारा घेऊन तूच ये. तोवर मी एक अक्षर बोलत नाही. तुझं पत्रसुद्धा आम्ही स्वयंपाकघराचं दार लोटून वाचलं, या कानाचं त्या कानाला कळू दिलं नाही.

आजी

२९ मार्च

आजी,

बसमध्ये सगळी वाट पेटारा मांडीवर घेऊन बसले होते. बाजूच्या बाईंनी विचारलं, "आत मांजर आहे का?"

तुझ्यासमोरच सगळं घडलं, तरी पुन्हा लिहिते, कारण डोक्यातून जात नाही. मला वाटलं होतं मी फार शहाणपणा केलाय. त्यांचा एकही कंडेन्सर कापून टाकला नाही. नंतर लावलेले सगळे एका छोट्या स्विचवर घेतले. स्विच वर केला की त्यांचा आवाज, खाली केला की जुना, पहिला आवाज. म्हटलं, त्यांचं काही पुसलं जाणार नाही, आणि ते स्वतःच ऐकून म्हणतील, "खालचा बरा." मग बोलणं आपोआप निघेल.

मी वाजवत राहिले. त्यांनी स्विच वर केला, खाली केला. पुन्हा वर. पुन्हा खाली. किती वेळा! ते माझ्या बोटांकडे बघत होते, मी त्यांच्या चेहऱ्याकडे. शेवटी म्हणाले, "दोन्ही छान आहेत." आणि उठून आत जाऊन पडले.

त्या क्षणी मला कळलं की मी त्यांच्यासमोर एक परीक्षा मांडली होती. स्वतःच्या हातांनी, त्यांनीच शिकवलेल्या डागांनी.

सकाळी निघाले तर दुकानाचं शटर खाली. इतक्या वर्षांत मी ते दिवसा खाली कधी पाहिलं नव्हतं. ते फाटकापर्यंत आले नाहीत.

रेकॉर्डिंगला मी लंबूच्या मित्राचा अ‍ॅम्प घेतेय. हा कपाटावर ठेवलाय. त्याच्याकडे बघवत नाही.

टिटवी

८ एप्रिल

चि. टिटवी,

कपाटावरून काढ. आधी काढ, मग पुढचं वाच.

तू गेलीस त्यानंतर काही दिवस शटर खालीच होतं. हे आत बसून राहायचे. मी म्हशीच्या आवाजात काय काय बोलले, पण उत्तर "हं" एवढंच. शेवटी एका सकाळी मी समोर बसले आणि म्हटलं, "पोरीनं चांगल्या मनानं केलं हो. तुम्हाला ठाऊक नव्हतं म्हणून..."

"मला ठाऊक होतं," म्हणाले.

"कधीपासून?"

"तिचं पत्र आलं तेव्हापासून."

म्हटलं, पत्र? ते तर आम्ही दार लोटून, हळू आवाजात...

"हळू?" म्हणाले. "त्या बाईंचा हळू आवाज? कोपऱ्यावरच्या न्हाव्यानं ऐकला असेल. 'डाग एकूण एक सुंदर आहेत' इथपासून सगळं ऐकलं मी. भिंतीला टेकून उभा होतो. तू किल्ल्या कधी वाजवतेस त्याची वाट बघत राहिलो, त्या वाजल्याच नाहीत."

बघ आम्हा दोघींची अक्कल! साऱ्या जगातले आवाज ज्याला ऐकू येईनासे झाले, त्याच्यापासून गुपित लपवायचं, आणि ते वाचायचं कुणी, तर जो एकच आवाज त्याला धड ऐकू येतो त्या आवाजानं! मास्तरीणबाईंनी डोक्याला हात लावलाय. (लावला आहे. मी खरोखर हळू वाचले होते. — लेखनिका.)

मग मी विचारलं, ठाऊक होतं तर शटर का पाडलंत? तर म्हणाले, "ऐकणं वेगळं आणि स्वतः स्विच फिरवून बघणं वेगळं. मला वाटत होतं, पोरीचं कुठेतरी चुकलं असेल. फिरवत राहिलो. नाही चुकली. चांगलं काम केलंय. डाग थोडे मोठे देते, पण चांगलं." आणि थोड्या वेळानं म्हणाले, "त्या बँडवाल्याची सगळी यंत्रं मी अशीच चिरकी करून पाठवली असणार. सभागृहाचीसुद्धा. लोक कंटाळून गेले आणि मी त्यांच्या कानांना नावं ठेवली." मग बराच वेळ सदऱ्याच्या खिशात हात घालून बसले. डावा. काम नसताना.

मग तोंडात आलं ते बोलले. म्हटलं, "तुमचे हात गेलेत का? नाहीत. कान गेलेत. माझे कान आहेत की! ते काय नुसते तुमची बोलणी खायला ठेवलेत?"

दुसऱ्या दिवशी शटर वर. बँडवाल्याला निरोप धाडला: यंत्रं घेऊन ये, चूक आमच्या हातून झालेली आहे, आम्ही निस्तरतो. तो आला, यंत्रासकट. आता हे आत हात घालतात, एक खिशात, आणि मी स्टुलावर बसून ऐकते. मला त्यातले शब्द येत नाहीत, म्हणून माझे मीच केलेत. "टाचणी आहे अजून." "आता ताक." "आता फारच ताक, पाणी घातलंत." "हां, आता साय." बँडवाला हसून लोळला. पण 'साय' म्हटल्यावर त्यानं वाजवून बघितलं. म्हणाला, "आजी, हाच तो."

कानांच्या डॉक्टरकडेही जाऊन आलो. मोठ्या कष्टानं. डॉक्टर म्हणाला उशीर केलात, पण वेळ गेलेली नाही, कानांत घालायचं यंत्र मिळेल, त्याला थोडे दिवस लागतील. हे तिथेही त्याच्या यंत्राचा स्क्रू बघत होते.

तर दुसऱ्याचा पेटारा त्याला परत दे. रेकॉर्डिंगला हिरवा पेटारा नेला नाहीस तर कापड काढून घेईन. स्विच खाली ठेव. हा आजोबांचा निरोप आहे, माझा नाही.

आजी

२४ एप्रिल

लाडकी आजी, लाडके आजोबा,

घाईत चार ओळी. काल रेकॉर्डिंग झालं. हिरव्या पेटाऱ्यावरच.

सगळी गाणी स्विच खाली ठेवून वाजवली. ड्रमवाल्याचे दात शाबूत आहेत. गायिका मध्येच थांबली आणि म्हणाली, "हा अ‍ॅम्प नवा घेतलास?" म्हटलं, नाही, जुना केला.

पण शेवटच्या गाण्यात एक जागा आहे. सगळे थांबतात आणि मी एकटी वरच्या तारेवर असते. तिथे माझा हात आपोआप गेला आणि स्विच वर झाला. तेवढ्या जागेपुरता आजोबांचा आवाज. सगळ्या खोलीभर चकाकला. पुन्हा स्विच खाली, पुन्हा सगळे. मला वाटलं आता ओरडा बसणार. काचेपलीकडचा रेकॉर्डिंगवाला म्हणाला, "हे ठेवायचं. हे कसं केलंस?"

मी म्हटलं, माझ्या आजोबांनी दर सुट्टीत थोडं थोडं करून.

टिटवी

६ मे

चि. टिटवी,

आशीर्वाद. या वेळी दोघांचे आहेत, जपून घे.

अक्षर बघून पुन्हा दचकली असशील. हे कोंबडीच्या पायांचं अक्षर तू ओळखतेस. (अक्षर उत्तम आहे. वाचणाऱ्याचे डोळे हवेत. — लेखनिक.) बघितलंस? पुन्हा मध्येमध्ये अक्कल घालणं सुरू झालं.

झालं असं, डॉक्टरचं यंत्र यायला अजून अवकाश आहे. यांना कुठला धीर! एका जुन्या टेपच्या डब्यात एवढासा अ‍ॅम्प बसवला. एका बाजूला मायक्रोफोन, तो माझ्या हातात. दुसऱ्या बाजूला कानांवर घालायचे हेडफोन, ते यांच्या डोक्यावर. आत काय घातलंय म्हणशील, तर तेच! तेच कंडेन्सर, एकावर एक, किनरे सूर मागच्या दाराने आत सोडणारे. ज्यांनी तुझा पेटारा बिघडवला, बँडवाल्याला पळवलं, तेच आता माझ्या आवाजाला आत घेतात. (बिघडवला हा शब्द चूक आहे. चढवला. — लेखनिक.)

पहिल्यांदा लावलं तेव्हा मी सवयीनं म्हशीच्या आवाजात बोलले. यांनी हेडफोन उपटून काढले. "केवढ्यानं! तुझ्या आवाजात बोल." मला माझा आवाज आठवेना गं. इतके दिवस घसा तळघरात ठेवलेला. मग हळूच म्हटलं, "चहा झालाय." कुकरची शिट्टी झाली, तिच्याकडे यांनी वळून बघितलं. मग म्हणाले, "स्टेशन लागलं."

मास्तरीणबाईंना वाईट वाटेल म्हणून मी घाबरत होते, पण त्या म्हणाल्या, "सुटले बाई!" पत्र वाचायला मात्र त्याच येतात, आणि आता सगळे मिळून ऐकतो, दार उघडं टाकून.

तुझं रेकॉर्डिंगही यांनी याच डब्यातून ऐकलं. शेवटच्या गाण्यातली ती जागा आली तेव्हा बोट वर केलं आणि म्हणाले, "हा माझा." मग पुन्हा सुरुवातीपासून लावलं आणि पूर्ण ऐकून म्हणाले, "आणि हा तिचा. हा जास्त बरा आहे." हे तुला लिहू नकोस म्हणाले होते, म्हणून मुद्दाम त्यांच्याकडूनच लिहवून घेतेय. (नाइलाजाने लिहिले. — लेखनिक.)

सुट्टीत ये. बँडवाल्यानं सभागृहवाल्यांना सांगितलंय, कामाचा ढीग पडलाय, आणि मला स्टुलावर बसून बसून कंटाळा आलाय. तुझे कान आण. येताना ते सगळे कपडे घेऊन ये ज्यांना खिसा नाही.

आता शेवटचं. मी मायक्रोफोन टेबलावर ठेवून पार दारापाशी आलेय आणि अगदी हळू, माझ्या स्वतःच्या आवाजात बोलतेय. बघू हा माणूस काय लिहितो ते.

फसले गं बाई मी या माणसाशी लग्न करून.

(ऐकू आले. तिला म्हटले, पुन्हा म्हण. — लेखनिक.)